पाण्यात उतरा, पण पोहू नका!

शनिवारी रात्री टर्फवर मॅच. चोरटी दुसरी रन घेताना पाय आत वळतो आणि... कट्ट! किंवा सकाळची फास्ट लोकल पकडायला ब्रिजच्या पायऱ्या धडाधड उतरताना घोटा दगा देतो. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही. डॉक्टर म्हणतात, ‘लिगामेंटला मार बसलाय, थोडे दिवस सांभाळा.’ इथून पुढे ऑफिसात दोन जमाती दिसतात.

पहिली ‘काही नाही रे’वाली. पेनकिलर, क्रेप बँडेज आणि दहाव्या दिवशी पुन्हा टर्फवर! दुसरी ‘बेड रेस्ट’वाली. लॅपटॉप मांडीवर, पाय उशीवर आणि दीड महिना वर्क फ्रॉम सोफा. पहिल्या जमातीचा घोटा बहुतेक वेळा पुन्हा मुरगळतो, कारण एकदा दुखावलेला घोटा दुसऱ्यांदा दुखावण्याची शक्यता जास्तच असते. दुसऱ्या जमातीची मांडी-पोटरी बारीक होते, सांधा आखडतो. आणि दोघांनाही एक गोष्ट हमखास चिकटते, ती म्हणजे लंगडणं. दुखणं थांबतं, पण चालीतला झोल राहतो. त्या पायावरचा आपला विश्वासच उडालेला असतो ना! मग सगळा भार दुसऱ्या पायावर, तिथून कमरेवर, आणि पुढच्या वर्षी डॉक्टर बदलतो, दुखणं नाही.

उपाय साधा आहे. पायावर भार टाकायचा, पण थोडा-थोडा. जमिनीवर हे अवघड, कारण गुरुत्वाकर्षणाकडे डिस्काउंट मागता येत नाही. पाण्यात मात्र मिळतो, तोही चक्क ९० टक्क्यांपर्यंत!

वजन घटवा, डाएट न करता

शाळेत आर्किमिडीज पाठ केला होता, तो आता कामाला येणार. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिलात की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं. छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर साधारण एक तृतीयांश. मानेपर्यंत असेल तर जेमतेम १० टक्के. म्हणजे ७० किलोंचे तुम्ही तिथे ७ किलोंचे! साडेपाच फुटी माणसाला तीन फूट पाणी कमरेपर्यंत येतं आणि चार फूट छातीखाली. अंगकाठीप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण हिशोब लक्षात आला का? आधी खोल पाण्यात चालायचं, मग आठवड्या-आठवड्यानं उथळ पाण्याकडे सरकायचं. पायाला हळूहळू ‘प्रमोशन’ देण्याचा इतका सोपा मार्ग जिममध्ये नाही.

दुसरा फायदा सुजेचा. १.२ मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ८८ मिलिमीटर पारा असतो. नॉर्मल बीपीचा खालचा आकडा ८०, त्याहूनही जास्त. सुजलेल्या घोट्याला चहूबाजूंनी एकसारखं बँडेज बांधल्यासारखंच हे.

तिसरी गंमत रेझिस्टन्सची. हातपाय हलवण्याचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. हळू हलवलंत तर पाणी हळुवार, जोर लावलात तर पाणीही जोर लावतं. थांबलात की तेही थांबतं. डंबेलसारखं पायावर पडत नाही!

रूझवेल्टसाहेबांचा तलाव

ही आयडिया काही आजची नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी आजारी पडले. निदान झालं पोलिओचं. कमरेखालचं बळ गेलं. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या कोमट झऱ्याच्या तलावावर गेले. पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस. जमिनीवर कॅलिपर लागणाऱ्या या माणसाला पाण्यात आधाराविना उभं राहता येऊ लागलं. १९२६ मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि पोलिओग्रस्तांसाठी उपचार केंद्र उभारलं. त्यांचे पाय काही पूर्ववत झाले नाहीत. पाणी म्हणजे जादू नव्हे, हे त्यांच्या उदाहरणातूनही कळतं. पण पुन्हा ताठ उभं राहण्याची हिंमत त्या पाण्यात मिळते, हेही कळतं.

मॅरेथॉनवाल्यांसाठी

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन केलंय आणि नडगी दुखावलीय? निराश होऊ नका. कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून, पाय तळाला न टेकवता खोल पाण्यात धावण्याचा व्यायाम आहे. सराव असलेल्या धावपटूंवर १९९० च्या दशकात अभ्यास झाले. चार ते सहा आठवडे नुसतं असं धावूनही त्यांचा स्टॅमिना टिकून राहिला. मनगटावरच्या स्मार्टवॉचवर मात्र विसंबू नका. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा मिनिटाला १०-१५ नी कमी दिसू शकतात. ‘आज मेहनतच नाही झाली’ असं वाटून अति कराल!

पाण्याची हद्द

आता थोडं कडू. पाण्यात बरं वाटतं म्हणून तिथेच मुक्काम ठोकायचा नाही. गुडघ्याच्या एसीएल ऑपरेशननंतर काहींनी पाण्यात आणि काहींनी जमिनीवर व्यायाम केला, अशी तुलना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त २०, पण निष्कर्ष बोलके. पाण्यातल्यांच्या गुडघ्यात सूज कमी होती आणि रोजच्या हालचाली त्यांना सोप्या वाटत होत्या. मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद मात्र जमिनीवाल्यांची सरस. शिवाय पाणी तुम्हाला पडू देत नाही, सावरून धरतं. टर्फ नाही सावरत! एका पायावर तोल राखणं, उडी मारून नीट टेकणं हे शेवटी जमिनीवरच शिकावं लागतं. पाणी हा पूल आहे, घर नव्हे.

उतरण्याआधी हे वाचा

* आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टची परवानगी. टाके किंवा उघडी जखम, ताप, त्वचेचं इन्फेक्शन असेल तर पूल बंद. हार्टचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर स्पष्ट सांगा.
* थेरपी पूलचं पाणी ३३ ते ३५ अंश असतं, नेहमीच्या तलावाचं बरंच गार. गार पाण्यात स्नायू आखडतात, म्हणून सतत हलत राहा.
* सुरुवात २० मिनिटांची. पुढे चाला, मागे चाला, खेकड्यासारखे आडवे चाला. मग कठडा धरून टाचा उचला, अर्ध्या बैठका काढा, पाय पुढे-मागे झुलवा. दोन्ही पावलं सारखी पडतायत ना, इकडे लक्ष. हाच खरा व्यायाम!
* गुडघा दुखावलाय? ब्रेस्टस्ट्रोक विसरा. बेडकासारख्या त्या किकनं गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो.
* दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलं, तर डोस जास्त झाला. पुढच्या वेळी कमी.
* पोहता येत नसेल तरी चालेल, पण कमरेइतक्या पाण्यात आणि सोबत कुणीतरी हवं. बेल्टवालं खोल पाणी तुमच्यासाठी नाही.
* काठावरच्या ओल्या फरशीवर सांभाळून. एक घोटा बरा करताना दुसरा नको!

खास पूल हवाच असंही नाही. फिजिओनं व्यायाम एकदा शिकवला की सोसायटीचा, क्लबचा किंवा दादर-पुण्याचा सार्वजनिक तलाव, कुठेही चार फूट पाणी पुरेसं आहे. फक्त गर्दीची बॅच टाळा. आणि तिथले नेहमीचे काका म्हणालेच, ‘अरे, पोहायचं सोडून चालतोयस काय?’ तर बिनधास्त सांगा, ‘चालायलाच शिकतोय, काका!’