फ्लोराइडचे पाणी : आधी तपासू, मग मागू



परदेशात नोकरीस गेलेली आपली मुले सुट्टीत घरी आली की तिकडच्या सुखसोयींबरोबर एक गोष्ट हमखास सांगतात. तिकडे म्हणे दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यातच औषध मिसळतात. मग आपले सरकार तसे का करीत नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु तो सरकारला विचारण्याआधी प्रत्येकाने आपल्या बोअरला एक प्रश्न विचारावा, असे आमचे मत आहे. तुझ्या पाण्यात फ्लोराइड आधीच किती आहे?

प्रथम परदेशची हकीकत पाहू. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहरात १९४५ च्या जानेवारीत जगात प्रथमच नळाच्या पाण्यात ठरावीक मापाने फ्लोराइड मिसळण्यात आले. पुढील दहाबारा वर्षांत तेथील लहान मुलांच्या दातांची कीड निम्म्याहून अधिक कमी झाली. हे पाहून इतर देशांनीही तो मार्ग धरला. आयर्लंडने १९६० साली कायदा केला व १९६४ पासून पाणी मिसळू लागले. सिंगापूरमध्ये सर्वांना असे पाणी मिळते. ऑस्ट्रेलियात दहांपैकी नऊ जणांना, अमेरिकेत सार्वजनिक नळावरील दहांपैकी सात जणांना ते मिळते. इंग्लंडमध्ये मात्र दहांतील एकाच्याच वाट्याला येते. सर्व जगात मिळून चाळीस कोटींच्या आसपास लोक असे पाणी पितात.

सर्वांनीच हे पत्करले असे मात्र नाही. नेदरलँड्सने १९७६ साली ते थांबविले. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने २००३ साली सोडले. त्या देशात १९५५ पासून फ्लोराइडयुक्त मीठ मिळते. कॅनडातील कॅलगरी शहराने २०११ साली बंद केले आणि २०२५ साली पुन्हा सुरू केले. त्याच २०२५ साली अमेरिकेतील युटा व फ्लोरिडा या राज्यांनी ते कायद्याने बंद केले. फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी पोचल्यापासून नळाच्या औषधाचा फायदा पूर्वीइतका मोठा दिसत नाही, असेही जाणकार सांगतात. तेव्हा ज्यांच्या पाण्यात फ्लोराइड कमी आहे त्या देशांतही हा वाद मिटलेला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही. येथे निसर्गानेच ते अनेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त मिसळून ठेवले आहे. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी या दुखण्याची प्रथम शास्त्रीय नोंद केली. त्याही आधी तेथील शेतकऱ्यांना नांगराचे बैल आखडलेले दिसू लागले होते. सांधे ताठ झालेल्या बैलांना चालवेना. मुके जनावर जे सांगत होते ते पुढे माणसांच्या पाठीत व गुडघ्यांत दिसले. त्या दुखण्यास फ्लोरोसिस म्हणतात.

लहान वयात, दात तयार होत असताना, असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे व पुढे तपकिरी पट्टे उठतात. ते घासून जात नाहीत. अनेक वर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेले की मान, कंबर व गुडघे आखडतात. अगदी बिकट झाल्यास माणूस वाकतो तो सरळ होत नाही. आणि त्यावर औषध नाही. म्हणूनच भारतीय मानक संस्थेने लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. अमेरिकेत मिसळण्याचे माप ०.७ आहे. औषध व अपाय यांच्यामधील बांध किती अरुंद आहे हे यावरून ध्यानी यावे.

शेतकऱ्यासाठी तर हा बांध आणखी अरुंद आहे. कचेरीत बसणारा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. ०.७ च्या मापाने त्याच्या पोटात दीड मिलिग्रॅमदेखील जात नाही. चैत्र-वैशाखात उसाला पाणी पाजणारा माणूस सहा लिटर पितो. त्याच्या बोअरचे माप १.५ असले तर ९ मिलिग्रॅम झाले. थंड देशाचे माप उचलून आपल्या शिवारात लावता येत नाही, ते याचसाठी.

हे फ्लोराइड येते कोठून? ग्रॅनाइटासारख्या काही खडकांत ते असते. पाऊस, ओढा, नदी व धरण यांच्या पाण्याचा खडकाशी सहवास थोडा, म्हणून त्यात ते सहसा कमी असते. खोल बोअरचे पाणी वर्षानुवर्षे खडकात मुरलेले असते. तेथे ते वाढते. पाण्यात चुना कमी व क्षार जास्त असला तर आणखी वाढते. आपल्या राज्यात बागलकोट, गदग, कोप्पळ, रायचूर, तुमकूर या जिल्ह्यांत आणि महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांत लोकांनी हे भोगले आहे.

खडेबाजारात राहणारे म्हणतील, आमच्या नळाला राकसकोपचे व हिडकलचे पाणी, आम्हास काय भीती? नळापुरते ते खरे आहे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. परंतु आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांची शेती निपाणी, चिकोडी, गोकाकच्या बाजूस आहे. विहिरी आटल्या म्हणून तेथे बोअर मारल्या गेल्या. तीनशे फुटांची पाचशे फुटांवर गेली. मालक घरी नळाचे किंवा फिल्टरचे पाणी पितो. शेतात राबणारे मजूर मोटरीवर ओंजळ लावतात. हंगामात बीड, विजापूर व इतर कोरड्या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. गावी अशाच पाण्यावर वाढलेली त्यांची मुले आपल्या फडात आली तरी पुन्हा तपासणी न झालेले पाणीच पितात. उसाचा उतारा आपण किलोवर मोजतो. त्या मुलांच्या पाण्यात काय आहे हे कोणी मोजले आहे काय? आम्हास हा प्रश्न दातांपुरता वाटत नाही. तो न्यायाचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. तो हक्क आपल्या बांधावरच सुरू होतो.

काही गैरसमज दूर करावयास हवेत. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. कपड्याने गाळणे, साधा कँडल फिल्टर, ब्लीचिंग पावडर, यांपैकी कशानेही ते जात नाही. चवीने, रंगाने वा वासाने ते ओळखता येत नाही. गावोगावी उभारलेल्या आर.ओ. केंद्रांनी ते निघते, पण यंत्राची देखभाल चोख हवी. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून काढलेली नळगोंडा पद्धत प्रसिद्ध आहे. तिलाही रोजची काळजी लागते. खुद्द नळगोंड्यास खरा आराम मिळाला तो तेलंगणाच्या मिशन भगीरथ योजनेतून कृष्णेचे पाणी घरोघरी आल्यावर. तात्पर्य, चांगले पाणी मिळविणे हे वाईट पाणी धुण्यापेक्षा सोपे.

म्हणून आमच्या सूचना अशा. एका स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी घेऊन तालुक्याच्या पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. काचेची बाटली वापरू नये. उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर पुन्हा तपासावे. जलजीवन मिशनखाली पंचायतीत महिलांना तपासणी संच देऊन शिकविले आहे. आपल्या भगिनींनी तेथे आपणहून नाव द्यावे. अहवाल १ च्या वर आला तर ते पाणी पिकाला ठेवावे, पिण्यास व स्वयंपाकास नळाचे, तपासलेल्या विहिरीचे किंवा पावसाचे साठविलेले पाणी घ्यावे. मजुरांसाठीही तेच पाणी भरून न्यावे. मुलांच्या आहारात दूध, ताक, नाचणी, शेवग्याचा पाला व आवळा असू द्यावा. गोठ्यातील जनावरे विनाकारण लंगडत असतील तर पाण्याचाही संशय घ्यावा.

आणि दातांचे काय? ज्यांच्या पाण्यात फ्लोराइड कमी आहे त्यांनी फ्लोराइडची पेस्ट जरूर वापरावी. लहान मुलास वाटाण्याएवढी, आणि ती गिळू देऊ नये. रात्री दात घासल्यावर गोड खाऊ नये. तंबाखूच्या या मुलखात कितीतरी माउल्या अजून मशेरीने दात घासतात. तिने कीड थांबत नाही. तोंडाचा कर्करोग मात्र येतो. ती सोडण्यास कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावयास नको.

एलिशा संदेष्ट्याने येरिहोच्या झऱ्यात मीठ टाकून तेथील पाणी बरे केले, ही कथा आपण जाणतो. पण आधी नगरच्या लोकांनी त्यास येऊन सांगितले होते की आमचे पाणी वाईट आहे. आपल्याकडे ते सांगण्यासाठी बाटलीभर नमुना पुरेसा आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील एकही पिण्याची बोअर तपासल्यावाचून राहू नये, ही आमची कळकळीची विनंती. प्रभू आपल्या शिवारांस, जनावरांस व लेकरांस निरोगी ठेवो.