घरच्या ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनची पारख
नादविचार : श्रुतिधर

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि तेव्हापासून पुढे कित्येक दशके मराठी निवेदकाच्या पुढ्यातला मायक्रोफोन हा अभियंत्यांच्या अखत्यारीतला जिन्नस राहिला. तो कोणता असावा, कोठे ठेवावा, वक्त्याने त्याच्यापासून किती अंतरावर बसावे याचा निर्णय त्यांनी करावा आणि निवेदकाने समोरचा मजकूर स्वच्छ व अर्थवाही वाणीने वाचावा, अशी ती व्यवस्था होती. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले, मराठी पुस्तके ऐकण्याचा प्रघात वाढला, २०२० च्या टाळेबंदीने स्टुडिओंना कुलपे लावली, आणि ही श्रमविभागणी पाहता पाहता मोडली. आज डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कादंबरी वाचणारी गृहिणी, साताऱ्यात बसून माहितीपटांना आवाज देणारा तरुण, अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून पाठविणारे निवृत्त शिक्षक, ही सारी मंडळी स्वतःच निवेदक आणि स्वतःच ध्वनिमुद्रक आहेत. आणि त्यांपैकी जो कोणी मला भेटतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : माइक कोणता घ्यावा?

या प्रश्नाला नाव सांगून उत्तर देणे सोपे आहे, पण ते उत्तर बहुधा चुकीचे ठरते, कारण घरच्या मुद्रणाचा दर्जा ठरविण्यात पहिला मान खोलीचा, दुसरा अंतराचा आणि तिसरा यंत्राचा असतो, आणि आपण मात्र तिसऱ्यापासून आरंभ करून पहिल्यापर्यंत कधी पोचतच नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या खोलीत वाचायचे त्याच खोलीत, जे वाचायचे तसाच मजकूर, आपल्याच आवाजात मुद्रित करून ऐकल्याखेरीज कोणाच्याही शिफारशीवरून मायक्रोफोनसाठी पैसे मोजू नयेत.

यंत्राची घडण थोडक्यात ध्यानी घेतलेली बरी. डायनॅमिक जातीच्या मायक्रोफोनमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते, ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यातून क्षीण विद्युत्प्रवाह निघतो. कंडेन्सर जातीत अतिशय पातळ पडदा एका धातूच्या चकतीसमोर ताणलेला असतो, दोहोंमधील अंतर आवाजाने कमीजास्त होते आणि त्यानुसार विद्युत्दाब बदलतो. ही युक्ती १९१६ साली ई. सी. वेन्टे यांनी काढली, आणि तिच्यासाठी आजही बाहेरून सामान्यतः ४८ व्होल्टचा पुरवठा करावा लागतो. कंडेन्सरचा पडदा हलका, म्हणून तो ओठांची सूक्ष्म हालचाल आणि श्वासाची किनार अधिक तपशिलाने टिपतो.

येथूनच एक समजूत निघाली आहे आणि ती दुकानदारापासून शिकविणाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी बसली आहे : घर गोंगाटाचे असेल तर डायनॅमिक घ्या, कंडेन्सर फार संवेदनशील असल्यामुळे तो शेजाऱ्यांचाही आवाज पकडतो. ही समजूत अर्धसत्य आहे, आणि तिच्यापायी अनेकांचे पैसे वाया गेले आहेत. संवेदनशीलता म्हणजे ठराविक आवाजाला यंत्र किती विद्युत्दाब देते त्याचे मान. ते जास्त असले तर तुमचा आवाज आणि शेजारच्या कुकरची शिट्टी दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठी होतात, आणि ते कमी असले तर दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान होऊन पुढे आवाज वाढविताना पुन्हा पूर्ववत होतात. दोहोंमधील प्रमाण ठरते ते मायक्रोफोन कोणत्या दिशेने ऐकतो आणि तोंडापासून किती दूर आहे यावरून. मोकळ्या जागी अंतर निम्मे केले की तोंडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. डायनॅमिकची कीर्ती झाली ती त्याला ओठांजवळ धरण्याचा रिवाज असल्यामुळे. वीतभर अंतरावरचा कंडेन्सर आणि वीतभर अंतरावरचा डायनॅमिक, दोन्ही हृदयाकृती दिशेने ऐकणारे असतील तर, खोलीच्या बाबतीत जवळजवळ सारखेच निपजतात. डायनॅमिकची अतितार स्वरांकडे काहीशी उदासीनता असते, त्यामुळे खोलीची चकाकी थोडी झाकली जाते. त्या समजुतीत खरे आहे ते एवढेच.

उलट बाजूने हानी होते ती निराळीच. शुअर कंपनीचा एसएम७बी हा डायनॅमिक मायक्रोफोन पडद्यावर दिसून दिसून इतका प्रसिद्ध झाला आहे की नवखा वाचक तो घेतल्यावाचून आपले काम व्यावसायिक होणार नाही असे मानू लागला आहे. यंत्र उत्तम आहे, याविषयी वाद नाही. परंतु त्याचे उत्पन्न अतिशय क्षीण असल्यामुळे बोलण्याच्या आवाजाला ६० डेसिबलच्या आसपास वर्धन द्यावे लागते, आणि हळुवार, घरगुती स्वरात कथा वाचणाऱ्याने ते स्वस्त ऑडिओ इंटरफेसला जोडले की वर्धनाबरोबर सूऽऽऽ असा अखंड फुत्कार मजकुराच्या मागे उभा राहतो. कंडेन्सरच्या बाबतीत यासाठी एक आकडा पाहावा, तो म्हणजे यंत्राचा स्वतःचा कोलाहल. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा हा आकडा २० डेसिबल, न्यूमनच्या टीएलएम १०३ चा ७ आणि रोडच्या एनटी१-ए चा ५ आहे. एनटी१-ए ची किंमत टीएलएम १०३ च्या पासंगालाही पुरत नाही, तरी शांततेत तो सरस आहे. किंमत आणि नीरवता यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही. जाहिरातीला मोठ्याने आवाज देणाऱ्यास २० चा आकडा बाधत नाही. रात्रीच्या निःशब्द प्रसंगाचे वर्णन कुजबुजत्या स्वरात वाचणाऱ्यास तो निश्चित बाधतो.

आता खोली. मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ती विझताना काय करते ते कान देऊन ऐकावे. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ती फडफडत राहिली तर कोणताही मायक्रोफोन ती फडफड इमानाने नोंदवील. बाजारात मिळणारे बोट-दोन बोटे जाडीचे फोमचे चौकोन भिंतीला चिकटविल्याने ही फडफड थांबते, पण आवाजाचा खालचा भाग तसाच घुमत राहतो, आणि मुद्रण घोंगडीखालून आल्यासारखे दबलेले ऐकू येते. याचे कारण साध्या गणितात आहे : १००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, पण १०० हर्ट्झची, म्हणजे पुरुषी आवाजाच्या मूळ स्वराच्या जवळपासची, सुमारे ३.४ मीटर असते, आणि शोषक द्रव्य प्रभावी ठरायचे तर लहरीच्या चतुर्थांशाइतकी खोली त्याला लागते. ती कोणाच्याच घरात मिळणार नाही. म्हणून जेवढे जाड मिळेल तेवढे घ्यावे, आणि भिंतीला न चिकटविता तिच्यापासून वीतभर पुढे टांगावे. कापसाची जुनी गादी, वाकळ, दुहेरी घडीची सतरंजी वाचकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना उभी केली, तर फोमच्या चौकोनांपेक्षा कितीतरी चांगले काम करते. वाचण्याचा कागद टेबलावर सपाट पसरू नये, कारण टेबलाच्या काचेवरून परतलेला आवाज थेट आवाजात किंचित उशिरा मिसळून त्याला पोकळ करतो.

ठाण्यातील एका परिचितांच्या घरी मी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. नव्या मायक्रोफोनमध्ये दोष आहे, काही शब्दांवर तो गुणगुणतो, तो परत करावा, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांना मी लांब ‘आ’ लावायला सांगितला, आणि आवाज खाली उतरत एका विशिष्ट स्वरावर आला तेव्हा पाठीमागच्या लोखंडी कपाटाचा पत्रा स्पष्ट कापू लागला. कपाटाच्या दारात वर्तमानपत्राची जाड घडी सारल्यावर गुणगुण थांबली आणि मायक्रोफोन निर्दोष ठरला. मांडणीवरची स्टीलची भांडी, पंख्याचे सैल पाते, खिडकीची तावदाने, सर्वांची अशीच रुजवात करून घ्यावी लागते.

खोलीची तपासणी झाल्यावर दुसरी कसोटी मौनाची. पंखा बंद करून, शीतकपाट थांबवून, अर्धा मिनिट काहीही न बोलता मुद्रण करावे आणि ते हेडफोनमधून, ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत मोजून, ऐकून पाहावे. परदेशी श्राव्य पुस्तकांच्या एसीएक्स या व्यवस्थेने घातलेली अट येथे मापदंड म्हणून उपयोगी पडते : वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, कमाल उणे ३, आणि मौनाची पातळी उणे ६० च्या खाली. या मौनात सतत घुंऽऽ असा मंद्र स्वर ऐकू आला तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विद्युत्पुरवठ्याचा असतो. अनेक जुन्या घरांत अर्थिंगची तार नावापुरतीच असते, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केल्यास तो स्वर गेला की मूळ कारण कळते.

आणि तिसरी कसोटी भाषेची, जिच्याकडे आपल्याकडे फारच थोड्यांचे लक्ष आहे. मायक्रोफोनचे गुणदोष सांगणारे बहुतेक नमुने इंग्रजीत वाचलेले असतात, आणि त्यांवरून मराठी वाचनाची अटकळ बांधता येत नाही. आपल्या भाषेत फ आणि भ यांच्यासोबत हवेचा झोत सुटतो व तो पडद्यावर थडकतो. ‘चांगला’, ‘चूल’, ‘जाळे’ यांतील दंत्य उच्चार आणि ‘चार’, ‘चंद्र’, ‘जीव’ यांतील तालव्य उच्चार यांच्यातला भेद वरच्या स्वरांच्या पट्ट्यात राहतो. स आणि श निराळे ऐकू आले पाहिजेत, आणि ळ चा ल होता कामा नये. परीक्षेसाठी एक परिच्छेद स्वतःच लिहून ठेवावा, ज्यात ‘भाभीच्या फाटकासमोर’ यासारखे फुंकरीचे आणि ‘सशाच्या शेपटीस’ यासारखे ऊष्म वर्णांचे शब्द मुद्दाम गर्दी करून यावेत. पुष्कळसे स्वस्त कंडेन्सर न्यूमनच्या के६७ या जुन्या, नामवंत पडद्याची नक्कल करतात. मूळ यंत्रातील विद्युन्मंडल त्या पडद्याचा तारस्वराकडील कल खाली आणते, नकलेत मात्र ते मंडल गाळलेले असते, आणि परिणामी प्रत्येक स ची धार कानाला बोचते. पहिल्या ऐकण्यात हाच दोष ‘स्पष्टता’ म्हणून मन मोहून टाकतो, आणि पुस्तकाच्या दुसऱ्या तासाला श्रोता थकतो.

दोन मायक्रोफोनांत निवड करायची असेल तर दोन्हींचे पडदे शेजारी शेजारी ठेवून, एकाच वाचनाचे दोन्हींवर एकाच वेळी मुद्रण करावे, म्हणजे वाचनातील फरक यंत्राच्या नावावर खपणार नाहीत. नंतर दोन्हींची पातळी काटेकोरपणे समान करावी, कारण जो किंचित मोठा तो चांगला, असा कानाचा स्वभाव आहे आणि अर्ध्या डेसिबलची तफावतही निकाल फिरवू शकते. मग घरातल्या कोणाला तरी नावे न सांगता आलटून पालटून ऐकवायला सांगावे, आणि आवड लिहून झाल्यावरच नावे विचारावीत. एवढी शिस्त पाळली की किमतीचा दरारा पुष्कळसा ओसरतो.

कोकणात आणि मुंबईत आणखी एका गोष्टीचे भान हवे, ते म्हणजे पावसाळा. कंडेन्सरच्या पडद्यावर दमट हवेचा परिणाम होऊन तडतड सुरू होते, म्हणून जून ते सप्टेंबर तो उघड्यावर न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. सेनहायझरचा एमकेएच ४१६ रेडिओ-लहरींच्या तत्त्वावर चालत असल्यामुळे दमटपणाला दाद देत नाही. परंतु तो लांबोळ्या नळीचा असून लहान, उघड्या भिंतींच्या खोलीत बाजूने येणारे प्रतिध्वनी रंगवून टिपतो, म्हणून केवळ पावसाच्या भीतीने तो घेणे मी रास्त मानत नाही.

नवशिक्याने काय करावे, याविषयी माझा कौल असा. वर्षभर नियमाने वाचन करण्याचा निश्चय झालेला नसेल तर यूएसबीवर चालणारा साधा मायक्रोफोन पुरे. निश्चय पक्का असेल तर एक्सएलआर जोडणीचा, कमी कोलाहलाचा कंडेन्सर आणि माफक इंटरफेस घ्यावा, तोंडासमोर कापडी जाळी लावावी, यंत्र वीतभर अंतरावर पण ओठांच्या रेषेपासून किंचित बाजूला ठेवावे, आणि त्याची पाठ खिडकीकडे करावी, कारण हृदयाकृती मायक्रोफोन पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो.

मात्र घरी नेऊन पाहण्याची मुभा फारच थोडे दुकानदार देतात, आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना परीक्षेवाचूनच खरेदी करावी लागते. माझी विनंती आपल्या नगरवाचनालयांना आहे. गावोगावच्या या संस्थांकडे पुस्तकांच्या भरल्या कपाटांनी वेढलेल्या खोल्या आहेत, ज्या प्रतिध्वनी मोडण्यास आयत्याच बऱ्या. त्यांपैकी एकीत दोन-तीन जातींचे मायक्रोफोन, एक इंटरफेस आणि एक हेडफोन ठेवून सभासदांना अनामत रकमेवर आठवडाभरासाठी घरी नेऊ द्यावे, अशी तजवीज कार्यकारिणीने येत्या अंदाजपत्रकात करावी.