मॅनहॅटनमध्ये हरवलेली आगाशीकर

डोळे उघडता, तर हॉटेलची खोली. अंगावर कपडे नाहीत, जवळ छदाम नाही. इथपर्यंत ठीक आहे, गोव्याच्या ट्रिपमध्ये असं होतं म्हणे! पण स्वतःचं नाव आठवत नाही. आपण दिसतो कसे, तेही नाही. समोर एकही चित्र नाही, नुसती अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. बोला, काय करायचं?

मंडळी, ही ‘अॅम्नेशिया’. १९८६ची गेम, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची. हो हो, तीच ‘फिफा’वाली कंपनी. टेक्स्ट अॅडव्हेंचर त्यांनी ही एकच काढली. गेले पंधरा दिवस रात्रीची जेवणं उरकली, की आगाशीतल्या आमच्या माडीवर बसून मी ती डॉसबॉक्सवर खेळतेय. ‘ओपन डोअर’ वगैरे टाइप करायचं आणि उत्तराची वाट बघायची. विरार लोकलमध्ये दिवसाला तीन तास काढणाऱ्या बाईला वाट बघायचं काय कौतुक?

हळूहळू कळतं, की आपलं एका मुलीशी लग्न ठरलंय (आठवत नाही), एक माणूस आपल्या जिवावर उठलाय (का ते माहीत नाही) आणि खुनाच्या आरोपाखाली टेक्सास राज्य आपल्याला शोधतंय. झकास! पण खरी गंमत हॉटेलबाहेर. ११०व्या रस्त्याच्या दक्षिणेचं अख्खं मॅनहॅटन गेममध्ये आहे. प्रत्येक चौक, प्रत्येक ब्लॉक, मिळून सुमारे चार हजार ठिकाणं. आणि भूक लागते हो! झोप येते, पैसे संपतात. मग भीक मागा, नाहीतर सिग्नलला गाड्यांच्या काचा पुसा. रहस्य राहिलं बाजूला, माझ्या तीन रात्री नुसत्या पोटापाण्यात गेल्या.

खरं सांगू? कोडं म्हणून गेम यथातथाच आहे. हॉटेलमधला भाग फर्स्टक्लास, पुढे चौकामागून चौक रिकामे. पण तो रिकामेपणाच मला चिकटला. चार हजार ठिकाणं, आणि ‘तू कोण?’ असं आपुलकीनं विचारणारं जवळपास कुणी नाही.

हीच गेम आगाशीत घडली असती, तर पाच मिनिटांत आटोपली असती. चाळपेठेपासून भवानीशंकराच्या देवळापर्यंत चालून दाखवा. किमान दोन मावश्या अडवणार, ‘तू अमकीची नात ना गं?’ तुमची मेमरी गेली तरी त्यांची शाबूत! घरी पोचवतील, वर हातावर सुकेळी ठेवतील. अर्थात टेक्सासची भानगडही संध्याकाळपर्यंत गावभर झालेली असेल. मला लहानपणी या चौकश्यांचा भयंकर राग यायचा. आता विरारच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला समोरच्या दारामागे कोण राहतं ते ठाऊक नाही, आणि ते तिला बरं वाटतं. तिचंही चूक म्हणवत नाही.

गेम लिहिली थॉमस डिश या अमेरिकन लेखकानं. ‘ब्रेव्ह लिटल टोस्टर’ हा कार्टून सिनेमा त्यांच्याच गोष्टीवरून आलेला. अॅम्नेशियासाठी त्यांनी कादंबरीएवढा मजकूर लिहिला, पण फ्लॉपीवर मावेना म्हणून निम्म्याहून अधिक कापला गेला. विसरण्यावरची गेम, आणि तिचीच निम्मी आठवण गायब!

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. २००५ साली त्यांचा जोडीदार, कवी चार्ल्स नेलर गेला. मग राहत्या घरातून बाहेर काढायचे प्रयत्न सुरू झाले. ज्या मॅनहॅटनचा कोपरा न् कोपरा आपल्या गेममध्ये उभा केला, तिथलं स्वतःचं घर टिकवायला हा माणूस झगडत होता. ४ जुलै २००८ला त्याच घरात त्यांनी आयुष्य संपवलं. हे मी अर्धी गेम झाल्यावर वाचलं. त्या रात्री पुढे खेळवलं नाही.

दुसऱ्या रात्री खेळले. कारण रिकाम्या खिशानं त्या चौकांतून फिरताना आता लिहिणाराही सोबत असतो.

तुम्हाला खेळायची असेल तर शेजारी मॅनहॅटनचा नकाशा आणि वही-पेन ठेवा. वेळेवर जेवा, गेममध्येही. आणि ती न आठवणारी वाग्दत्त वधू भेटली, की घाईघाईत ‘यस’ टाइप करू नका, आधी तिचं म्हणणं नीट वाचा.