यंत्राचे आयुष्य कोणी ठरवायचे?

जून २०१७ च्या अखेरीस रायगडच्या किनाऱ्यावरील न्हावा-शेवा बंदरात एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. कारण वादळ नव्हते, संपही नव्हता. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या ‘नॉटपेट्या’ या संगणकीय हल्ल्याने डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या समूहाकडील हे टर्मिनलही थांबले. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारा संगणकच मुका झाला. पुढे मर्स्कला दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

हा हल्ला पसरण्याचा एक मार्ग म्हणजे विंडोजमधील जुनी त्रुटी. तिच्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता. तो न बसविलेला एक संगणक सापडला, की त्यातील परवलीचे शब्द चोरून हल्ला अद्ययावत यंत्रांतही शिरे. एक दार उघडे राहिले, की उरलेली कुलुपे निरर्थक ठरतात.

तेव्हा उपाय निदान उपलब्ध होता. तो मिळणेच बंद झाले तर? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य संपले. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ देण्यात आली, एवढेच. २०१७ मध्ये घेतलेले बहुतेक संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण संरक्षण काढून घेतलेले! अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेत एखाद्या शाळेने वा पतसंस्थेने जिवापाड जपलेला संगणक परदेशातील एका तारखेने निकामी ठरावा, हे मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही.

कंपनीने अनंतकाळ सेवा द्यावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. परंतु खरेदी करताना किंमत आणि वेग विचारणाऱ्यांनी ‘सुरक्षा किती वर्षे?’ हेही विचारले पाहिजे. शासकीय निविदेत ही अट लिखित हवी. पर्यायही आहेत. केरळच्या शासकीय शाळांनी मुक्त प्रणाली कधीच स्वीकारली. ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली घडविली. अर्थात स्वदेशी प्रणालीलाही अखंड निगा लागते. केवळ अभिमानाने त्रुटी बुजत नाहीत.

बंदराला तटबंदी पुरत नाही, आतला संगणकही राखावा लागतो. ती राखण किती काळ चालेल, हे विकत घेणाऱ्याला आधी ठाऊक असलेच पाहिजे.