मुंबईच्या अलीकडचे साडेपाचशे किलोमीटर

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. कुठेही न थांबणारं विमान ते १६ तासांच्या आसपास कापतं. परभणीजवळच्या आमच्या पेडगावाहून मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटर, आणि त्यासाठी आख्खी रात्र जाते.

मुलगा अमेरिकेत असलेल्या घरी म्हातारं माणूस गेलं की भावकी ओसरीवर जमते आणि दबक्या आवाजात एकच विचारणा होते, ‘थांबायचं का?’ मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि तास लगेच दिसतात, पण ओसरीवरचा हिशेब वेगळा असतो. तिकीट कधीचं मिळेल, मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत देवगिरी एक्स्प्रेस निघून तर जाणार नाही ना, नाहीतर भाड्याची गाडी करून रात्रभर यायचं का. दीड-दोन दिवस लागणार हे कळलं की थोरला चुलता डोळे पुसतो आणि ‘उचला’ म्हणतो. मुलगा मग राख सावडायलाही पोहोचत नाही, थेट दहाव्याला येतो.

खरं तर आकाशातली वाट या मुलाला बरीच साथ देते. पृथ्वीच्या गोलावर मुंबई-न्यूयॉर्क असा दोरा ताणून पाहा. तो अटलांटिकवरून आडवा न जाता उत्तरेला चढतो, रशिया, नॉर्वे, ग्रीनलँडच्या बाजूनं जातो. सगळ्यात जवळची वाट तीच. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, घरी परतताना पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास तासाभरानं तरी कमी होतो. अर्थात, वाट मोकळी हवी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून व्हिएन्नात इंधनासाठी उतरावं लागलं.

जमिनीवर मात्र असं कुणी पाठीशी नाही. निजामाच्या काळात, १९०० साली, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली आणि ती चढ-उतर संपली. पण परभणी ते छत्रपती संभाजीनगर रूळ अजून एकेरीच. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. पेडगावसारख्या लहान स्टेशनात ती उभी राहते तेव्हा आत बसलेल्याला गाव दिसत असतं, आणि परभणी मात्र येत नाही. जवळच्या नांदेडचं विमानतळ २००८ च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यासाठी नव्यानं उभारलं गेलं, पण तिथली सेवा आजवर कधी सुरू, कधी बंद अशीच राहिली. तिच्या भरवशावर मयत थांबवायचं कुणी धाडस करत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं परभणी-छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या रुळाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. मराठवाड्याच्या रेल्वेकामांच्या तारखा किती पुढे सरकतात ते इथं प्रत्येकाला माहीत आहे. हे काम तरी ठरल्या मुदतीत व्हावं, आणि आपल्या खासदारांनी दर अधिवेशनात त्याचा जाब विचारावा, एवढंच मागणं आहे.