जास्तीच्या रात्रीची औषधे

एप्रिल २०२५ मध्ये लंडनहून मुंबईला निघालेले एक विमान, प्रवाशाची प्रकृती बिघडल्याने तुर्कस्तानातील दियारबाकिर येथे उतरवावे लागले. तिथे विमानातच तांत्रिक बिघाड आढळला आणि दोनशेहून अधिक प्रवासी, त्यांत बहुतांश भारतीय, सुमारे ४० तास अडकून पडले. अशा वेळी चर्चा होते ती खाण्यापिण्याचे हाल, स्वच्छतागृहे आणि नुकसानभरपाई यांची. ती व्हायलाच हवी. पण मधुमेह, अपस्मार किंवा हृदयविकार असलेल्या प्रवाशासाठी हा फक्त गैरसोयीचा प्रश्न नसतो. त्याची औषधे मोठ्या बॅगेत असतील, तर ती बॅग विमानाच्या पोटात असते आणि ती कधी हाती येईल हे कोणीच सांगू शकत नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले, तेव्हा कॅनडातील गँडर या छोट्या गावी ३८ प्रवासी विमाने उतरवली गेली. सुमारे साडेसहा हजार लोकांचे मोठे सामान विमानांतच राहिले. गावातल्या औषधविक्रेत्यांनी देशोदेशी फोन लावून एकेकाची औषधे मिळवून दिली. हे त्यांचे मोठेपण. पण प्रत्येक विमानतळावर गँडर भेटेल, या भरवशावर घराबाहेर पडता येत नाही.

आपल्याकडे मुलांकडे निघालेले आई-वडील लोणच्याच्या बरण्या चार-चार पिशव्यांत गुंडाळतात आणि गोळ्या मात्र 'तिथे गेल्यावर काढू' म्हणून मोठ्या बॅगेत टाकतात. सगळी औषधे हातातल्या पिशवीतच हवीत आणि ती प्रवासाच्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर पुरतील इतकी हवीत. इन्सुलिन तर सामानकक्षात ठेवूच नये. तिथे ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घ्यावी. आपले ब्रँड परदेशात कोणी ओळखत नाही. आपल्या पॅरासिटामॉललाही अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात.

अडकलेल्या रात्रीचे काही नियम असतात. जेवणाआधी घ्यायचे इन्सुलिन, जेवण प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय टोचू नये. 'आता देतो' म्हणत दोन तास गेले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. सोबत ग्लुकोज किंवा साखर, आणि थोडा सुका खाऊ हवाच. एक घड्याळ घरच्या वेळेवर ठेवावे, म्हणजे आधीची गोळी घेऊन किती तास झाले ते कळते. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट गोळी घेऊ नये. अशा वेळी काय करायचे ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले होते. एकूण धोका कमीच असला, तरी पुन्हा खुर्चीतच रात्र काढायची वेळ आल्यास दर तासाला थोडे चालावे. स्वच्छतागृहाला रांग आहे म्हणून पाणी पिणे टाळू नये.

मात्र सगळा भार प्रवाशावर टाकून विमान कंपन्यांना मोकळे होता येणार नाही. विमान वळवल्यावर पहिल्या तासातच 'कोणाला नियमित औषधे लागतात, कोणाची सामानात आहेत?' अशी विचारणा करून यादी करावी आणि ती त्या विमानतळावरील डॉक्टरांच्या हाती द्यावी. त्याला ना नवे यंत्र लागते, ना मोठा खर्च. खाण्याची पाकिटे मोजून वाटता येतात, तर औषधाविना बसलेली माणसेही मोजता आली पाहिजेत.

तोवर आई-वडिलांचे तिकीट काढणाऱ्या मुलांनी एवढे करावे : निघायच्या आदल्या रात्री बॅगेचे वजन विचारण्याआधी, गोळ्या कुठल्या पिशवीत ठेवल्या ते विचारावे.