एका व्हॉल्व्हचं सोवळं

आमच्या एका मित्राने घरातला पुश-पुल ऍम्प्लिफायर विकला आणि सिंगल-एंडेड आणला. प्रत्येक चॅनेलला एकच ३००बी व्हॉल्व्ह, आठ वॅट. किंमत विचारू नका. मी विचारली आणि हातातला चहा निवला. वर प्रवचन: "अरे, पुश-पुल सिग्नलचे दोन तुकडे करतं आणि मग चिकटवतं. यात कसा अखंड जातो!" थोडक्यात काय, याचं ते सोवळं, बाकीच्यांचं ओवळं.

मंडळी, हे साफ चूक आहे. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट फेजमध्ये चालतात. क्लास ए असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह अख्खी वेव्ह वाजवतात. कापणं नाही, चिकटवणं नाही. क्लास एबीमध्ये मोठ्या आवाजाला एकेक व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद पडतो आणि बायस बिघडलेला असेल तर डिस्टॉर्शन येतं, हे मान्य. पण तो बायसचा दोष झाला, पद्धतीचा नाही.

उलट फायदे बघा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन बाजूंचा डीसी एकमेकांना मारतो, पॉवर सप्लायची घूंऽऽ बरीच कटते. सिंगल-एंडेडमध्ये त्याच डीसीने कोअर सॅच्युरेट होऊ नये म्हणून एअर गॅप ठेवावी लागते. मग इंडक्टन्स घटतो, आणि खर्ज नीट हवा तर ट्रान्सफॉर्मर अवाढव्य लागतो.

"पण तो गोडवा?" आहे ना! तो बराचसा दुसऱ्या हार्मोनिकचा आहे. गायकाने सा लावला की ऍम्प्लिफायर गुपचूप वरच्या सप्तकातला सा मिसळतो. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे हे सम हार्मोनिक्स बरेचसे कटून जातात. एकट्या गळ्याला ही भेसळ खपून जाते. चार वाद्यं एकत्र वाजली की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे भलतेच स्वर उगवतात. तंबोऱ्याची जवारी मिरजेचा कारागीर लावतो आणि ती रेकॉर्डिंगमध्ये आलेली असते. वर ऍम्प्लिफायरने आपली जवारी कशाला लावायची?

बरं, हे आजचं ज्ञानही नाही. १९४७ साली विल्यमसनने 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आपलं सर्किट छापलं: ट्रायोड म्हणून जोडलेले केटी६६, पुश-पुल, १५ वॅट, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत.

१०० डेसिबलचे हॉर्न असतील तर आठ वॅट भरपूर. खुशाल घ्या, मजा करा. मित्राचे स्पीकर आहेत ८६ डेसिबलचे. एका वॅटला एका मीटरवर ८६, म्हणजे आठ वॅटला ९५. संगीतातल्या उसळ्या सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जातात. म्हणजे सरासरी ७५-८० च्या वर नेली की ऍम्प्लिफायर हात टेकणार. आणि तुम्ही बसता तीन मीटरवर!

गेल्या रविवारी ऐकायला गेलो. एकल तबला लावायला सांगितला. बायाची घुमक येईना, नुसती धप्प. मित्र म्हणाला, "हल्ली मी तबला फारसा ऐकत नाही रे. एकट्या गळ्यातच खरी मजा."

हाच माणूस पूर्वी दर रविवारी तासभर तबला ऐकायचा. ऍम्प्लिफायर गाण्यासाठी घ्यायचा असतो राव. याने ऍम्प्लिफायरला सोसेल एवढंच गाणं ठेवलंय.

असो. त्याचा जुना पुश-पुल कोणी घेतला, ते सध्या त्याला सांगत नाहीये.